चार वाजताचा चहा सकाळी सातला

वैशाखातली दुपार. साडेतीन वाजलेले. जेवणाची भांडी आवरून तुम्ही नुकत्याच भिंतीला पाठ टेकून बसलात आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "अगं, पाहुणे आलेत. जरा चहा टाक." सांगा बरं, अशा वेळी मनात काय येतं? तोंडानं आपण "हो, टाकते" म्हणतो आणि उठतो.

पाहुणे आलेले आवडत नाहीत असं मुळीच नाही. खानदेशातल्या बाईला ते शोभायचंही नाही. पण आपल्या जळगाव-धुळ्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना माझं म्हणणं कळेल. पारा ४३-४४ वर. गॅस पेटवला की पंखा बंद करायचा, कारण ज्योत विझते. म्हणजे ज्या दहा मिनिटांत वाऱ्याची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच दहा मिनिटं बिनवाऱ्याची! आणि चहा एकदाच होतो थोडाच? हे गेले की ते येतात. आखाजीच्या दिवसांत तर विचारूच नका.

आज मी जी कृती सांगणार आहे ती या आखाजीच्याच एका दुपारी सुरू झाली. कृती साधीच आहे, गार गोड चहाची. पण ती आमच्या घरात कशी आली ते आधी सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, या बाईंना काय शहरी थेरं सुचलीत!

माझं माहेर धुळ्याचं. सासर जळगावचं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण आखाजीला माहेरी जायचं काही चुकत नाही. आपल्याकडे दिवाळीइतकंच या सणाला महत्त्व. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी होतात. गेल्या वर्षी मीही मुलांना घेऊन एरंडोल, पारोळा करत बसनं निघाले. खिडकीतून येणारा वारा भट्टीचा. घरी पोचले तर आई पहाटेपासून स्वयंपाकघरात. पितरांची घागर पुजायची, आगारी टाकायची, पुरणाच्या पोळ्या, आमरस, कुरडया, भजी. आमचं घर जुन्या गल्लीतलं आणि स्वयंपाकघरावर पत्रा. पत्रा तापला की आत उभं राहणंच कठीण.

जेवणं झाली आणि मग पाहुण्यांची रीघ लागली. अण्णांचे मित्र, शेजारचे, आमच्या भावाच्या ऑफिसातले. मी आणि वहिनी दोघीही म्हणत होतो, "आई, तुम्ही बसा." पण सणाच्या दिवशी चहा आपल्याच हातचा व्हावा हा तिचा हट्ट. चौथ्या वेळी आधण ठेवलं आणि ती ओट्याला धरून तशीच खाली बसली. तोंड लालबुंद, डोळ्यांपुढं अंधारी, मळमळ. हाताला धरून तिला मधल्या खोलीत आणली, पंख्याखाली निजवलं, ओल्या पंच्यानं अंग पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. अर्ध्या तासानं तिला बरं वाटलं. त्या अर्ध्या तासात माझ्या जिवाचं काय झालं ते मलाच ठाऊक.

संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "आजींना ऊन लागलंय, पण ते बाहेरचं नाही, घरातलं. घाम येतो तो अंग गार करायला. पण तो वाळला तर अंग गार होणार! गॅसजवळ पंखा बंद, वर पत्रा तापलेला, मग घाम वाळणार कसा? दुपारी बारा ते चार यांना गॅसपुढं उभं करू नका." त्यांनी आणखी एक बजावलं, ते सगळ्याजणींनी लक्षात ठेवा. उन्हाच्या त्रासात माणूस असंबद्ध बोलायला लागलं, शुद्ध हरपू लागली, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. अंगावर पाणी मारत, वारा घालत तडक दवाखाना गाठायचा.

घरी आलो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मग आलेल्या माणसाला चहा नको का द्यायला?"

झालं! प्रश्न तिथंच अडला. मैत्रिणींनो, "पन्हं द्या, ताक द्या" असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हटलं. पन्हं, ताक, लिंबाचं सरबत आपलंच आहे, आणि उन्हातून आलेल्या माणसाला ते चांगलंच. पण चारला चहा घ्यायची ज्यांना वर्षानुवर्षांची सवय, त्यांचं डोकं ताकानं उतरत नाही. चहातल्या कॅफिनची ती सवय असते. ताक पिऊन झालं की अण्णांचे मित्र मिशा पुसत म्हणणारच, "आता चहा होऊन जाऊ द्या." म्हणजे बाई पुन्हा गॅसपुढं!

मार्ग सुचवला आमच्या नणंदबाईंनी. त्या अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अटलांटाला असतात. आखाजीच्या शुभेच्छा द्यायला फोन आला तेव्हा मी ही हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, "वहिनी, इकडे दक्षिणेकडच्या राज्यांत उन्हाळाभर लोक गारच चहा पितात. घरोघरी फ्रिजमध्ये भरलेला जग असतो. हॉटेलात नुसता चहा मागितला तरी कित्येकदा बर्फ घातलेला गोड चहाच पुढं येतो. सकाळी करून ठेवा, दुपारी नुसता ओता."

सकाळी करून ठेवा! हे तीन शब्द माझ्या मनात बसले. उन्हाळ्यात माझी शाळा सकाळची. सहा-साडेसहाला आपला चहा होतोच. त्याच गॅसवर, त्याच गारव्यात दुपारचाही होऊन गेला तर?

पुढं मी याबद्दल थोडं वाचलं, तेव्हा मोठी गंमत कळली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या मॅरियन कॅबेल टायरी नावाच्या बाईंनी १८७९ मध्ये 'हाऊसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया' हे पाककृतींचं पुस्तक काढलं. त्यात अशा बर्फाच्या चहाची कृती आहे. बाई हिरवा चहा घेतात, पण सांगतात काय, तर रात्रीच्या जेवणाला चहा हवा असेल तर तो सकाळच्या न्याहारीच्या वेळीच करून ठेवावा. ग्लासाला साखर दोन चमचे आणि वरून लिंबू. म्हणजे उन्हाळ्यात अवेळी चूल पेटवायला नको, ही युक्ती जवळजवळ दीडशे वर्षांची आहे!

दुसरी गंमत आपल्या देशाची. १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस शहरी जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथं भारतातल्या चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ गेले होते. उकाडा असा की गरम चहाकडे कोणी फिरकेना. तेव्हा त्यांनी चहा बर्फानं गार करून वाटला आणि लोकांची झुंबड उडाली, असं सांगतात. गार चहा त्याआधीही तिकडे होता, हे टायरीबाईंच्या पुस्तकावरून दिसतंच. पण तो देशभर गाजायला हे प्रदर्शन कारणी लागलं. तेव्हा गार चहा अगदीच परका म्हणायचं कारण नाही.

पण हे अण्णांना कोण सांगणार! त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "गार चहा म्हणजे उरलेला चहा. तो काय पाहुण्यापुढं ठेवायचा?" त्यांचंही अगदी खोटं नाही. आपल्याकडे "चहा गार झाला" म्हणजे तो टाकायच्या लायकीचा झाला. वाफाळता कप पुढं ठेवला म्हणजेच मान ठेवला, अशी समजूत. मी त्यांना आठवण करून दिली, "अण्णा, एके काळी पुण्यात नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती!" १८९० सालचं पंचहौद मिशनचं प्रकरण तुम्हीही शाळेत वाचलं असेल. तोच चहा आज देवघरातल्या पूजेनंतर आपण घेतो. अण्णा हसले, पण बधले नाहीत. वाद मिटवला आईनंच. ती म्हणाली, "गार झालेला चहा वेगळा आणि गार केलेला वेगळा. गार झालेलं दूध आपण देत नाही, पण मसाला घालून गार केलेलं देतोच की!"

आता माझ्या फजित्याही सांगते, म्हणजे तुमच्या वाट्याला त्या यायच्या नाहीत.

पहिल्या दिवशी मी आपल्या सवयीनं चहा खळखळून उकळला आणि तसाच गरम फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी काढला तर गढूळ, नाल्याच्या पाण्यासारखा, आणि चवीला कडवट तुरट. दूध घालून उकळलेल्या चहात हा तुरटपणा दुधामुळं लपतो. बिनदुधाच्या चहात लपायला जागाच नाही. आणि गढूळपणा येतो तो चहातले तुरट घटक नि कॅफिन गारठ्यात एकत्र येऊन त्यांचा साका बनतो म्हणून. चहा जितका कडक आणि जितका एकदम गार केलेला, तितका तो जास्त. पाणी बोअरचं, जड असेल तर आणखी भर.

दुसरी फजिती तर भलतीच. वाटलं, गच्चीवर एवढं ऊन पडतंय, तर गॅस तरी कशाला? काचेच्या बरणीत पाणी, चहा, साखर घालून बरणी उन्हात ठेवून दिली. रंग सुरेख उतरला. मी खूश! कामाच्या गडबडीत ती संध्याकाळपर्यंत वरच राहिली. उघडली तर आंबूस वास आणि चमच्याला तार. सगळा चहा मोरीत गेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ऊन कितीही कडक असलं तरी बरणीतलं पाणी कोमटच होतं, उकळत नाही. जंतू त्यानं मरत तर नाहीतच, उलट असं कोमट गोड पाणी त्यांना फार मानवतं. तेव्हा पापड-कुरडया उन्हात, चहा मात्र गॅसवरच.

तिसरी फजिती आमच्या भावाची. त्यानं लिंबू पिळलेल्या चहात वरून दूध ओतलं. पुढं काय झालं ते सांगायला नकोच!

आता नीट बसलेली कृती सांगते.

साहित्य (सहा ग्लासांना) : पिण्याचं पाणी सव्वा लिटर, रोजची चहापूड ४ सपाट चहाचे चमचे, साखर अर्धी वाटी, लिंबं २, पुदिन्याची १०-१२ पानं किंवा गवती चहाच्या दोन पाती, जड पाणी असेल तर अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा, बर्फ.

कृती : स्टीलच्या पातेल्यात अर्धा लिटर पाणी उकळायला ठेवा. गवती चहा घालायचा असेल तर तो पाण्याबरोबरच टाका. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा आणि मगच चहापूड घाला. सोडा घालायचा असेल तर तोही आत्ताच. त्यानं तुरटपणा कमी होतो, पण चिमटीपेक्षा जास्त पडला तर चहाला साबणाची चव येते. झाकण ठेवा. घड्याळ लावून चार मिनिटं थांबा. मोठ्या पानांचा चहा असेल तर पाच. त्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका. कडक हवा असेल तर चहापूड वाढवा, वेळ वाढवू नका.

आता गाळून घ्या. गाळणीतला चोथा चमच्यानं दाबून पिळायचा मोह होतो, तो आवरा. सगळा कडवटपणा त्या शेवटच्या थेंबांत असतो. गाळलेला चहा गरम असतानाच साखर घालून पूर्ण विरघळवा. गार चहात साखर नुसती तळाशी बसते, म्हणून हे गरम असतानाच करायचं. मग राहिलेलं पाऊण लिटर साधं पिण्याचं पाणी त्यात ओता. माठातलं किंवा फ्रिजमधलं गार पाणी नको, साधंच. पातेलं परातीत पाणी घालून त्यात ठेवा. परातीतलं पाणी तापलं की बदला. अर्ध्या तासात चहा निवतो. निवला की झाकणाच्या भांड्यात भरून लगेच फ्रिजमध्ये. आपल्या हवेत तो तासन्‌तास बाहेर ठेवू नका.

दुपारी पाहुणे आले की ग्लासात बर्फ, पुदिन्याची दोन पानं हातावर चोळून, वरून चहा आणि शेवटी लिंबाची फोड पिळून. लिंबू आधीपासून घालून ठेवू नका, कडू होतं. लिंबू पिळताच चहाचा रंग एकदम उजळतो. हे बघायला आमची मुलं ग्लासाभोवती गोळा होतात. शाळेत मी मुलांना ते करूनही दाखवलं!

आणखी काही बारकावे.

चहा गढूळ झालाच तर टाकू नका. पेलाभर उकळतं पाणी घालून ढवळा, पुष्कळदा तो निवळतो. चवीत काही बिघडलेलं नसतं.

बर्फानं चहा पचपचीत होतो, म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये थोडा चहाच ओतून गोठवा. तो विरघळला तरी चव तीच.

बर्फ घरचाच वापरा, आणि तोही पिण्याच्या पाण्याचा. लाद्यांचा बर्फ मासे, फळं, दूध थंड ठेवायला म्हणूनही तयार होतो. तो पोटात घ्यायचा नसतो. न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळसर रंग घालायचा नियम आपल्या राज्यात २०१८ मध्ये आला. तरी रंग दिसला नाही म्हणून बर्फ चांगलाच, असं धरून चालू नका.

वीज गेली तर? आपल्याला ते नवीन नाही. चहाच्या भांड्याला ओला पंचा गुंडाळा आणि ते पाणी घातलेल्या ताटलीत, पंच्याचं टोक पाण्यात बुडेल असं, खिडकीच्या सावलीत वाऱ्यावर ठेवा. आपली हवा कोरडी, त्यामुळं पंच्यातलं पाणी भराभर उडतं आणि भांडं गार करतं. माठ गार होतो तोच न्याय. माठात मात्र चहा ओतू नका. मातीत रंग, वास नि साखर मुरली की तो माठ पाण्याच्या कामातून जातो. आणि असा बाहेर ठेवलेला चहा त्याच दुपारी संपवा. फ्रिजमधलासुद्धा दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. वास किंवा तार जाणवली तर चव घेऊन बघायच्याही भानगडीत पडू नका.

पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात लिंबू घातलेला चहा ठेवू नये. स्टील किंवा काच बरी. काचेच्या जगात चहा निवल्यावरच ओता, नाहीतर जग तडकेल.

आता साखरेबद्दल मनापासून सांगते. अमेरिकेच्या त्या भागात पावणेचार लिटर चहाला एक कप, कोणी कोणी तर दोन कप साखर घालतात. दोन कप म्हणजे जवळजवळ ४०० ग्रॅम. आपल्या ग्लासाच्या हिशेबानं चार चमचे! गार पदार्थात गोडी कमी जाणवते, त्यामुळं हात सढळ होतो आणि कळतही नाही. मी वर सांगितलेल्या मापानं ग्लासाला सुमारे दोन चमचे पडते, टायरीबाईंच्या ग्लासाइतकीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सुचवल्याप्रमाणे मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक बरं. दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम आले. तेव्हा एक ग्लास ठीक, चार ग्लास नाही. आमच्या सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा आधीच वेगळ्या बाटलीत काढून ठेवते. पुदिना आणि लिंबू असलं की त्यांना साखरेची आठवण होत नाही, असं निदान ते म्हणतात तरी!

आणखी एक गोष्ट, खास आपल्या बायकांसाठी. चहातले तुरट घटक अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. तिकडे जेवणाबरोबर गार चहा घेतात म्हणून आपण घ्यायलाच हवा असं नाही. जेवणानंतर निदान तासभर जाऊ द्या. मेथीची भाजी-भाकरी खाऊन त्यावर लगेच चहा ओतला, तर भाजीचा गुण अर्धा वाया. जेवताना लिंबाची फोड ताटात असू द्या, तिनं मात्र लोह अंगी लागायला मदत होते. लहान मुलांना हा चहा देऊ नका. गंमत म्हणून एखादा घोट ठीक. त्यांच्यासाठी पन्हं आहेच.

आणि उन्हातून कोणी तापून आलं तर आधी पाणी, चहा मागून. घेरी येत असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. त्याचं काम गार चहा करू शकत नाही.

यंदाच्या आखाजीची हकिगत सांगते आणि लेखणी ठेवते. सकाळी सातला वहिनीनं दोन पातेली चहा करून ठेवला. साडेतीनला नेहमीप्रमाणे पाहुणे आले. गॅस पेटला नाही. वहिनीनं ग्लास भरले, माझ्या मुलीनं ते नेऊन दिले. पलीकडच्या मावशींनी ग्लासाला हात लावला आणि त्या ओरडल्याच, "काय वं माय, हाऊ चहा ते थंडा व्हई गया!" आम्ही सगळ्या हसायला लागलो. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग ग्लास रिकामा करून पुढं केला, "चांगला शे वं, आखो एक दे."

अण्णांनीही घेतला. बरा आहे की वाईट, काहीच बोलले नाहीत. दिवेलागणीला मात्र आत येऊन म्हणाले, "सरबत छान होतं. आता जरा चहा टाका!" तो चहा आईनं टाकला. आलं घालून, दूध घालून, चांगला उकळून. उन्हं उतरली होती, खिडकीतून वारा येत होता, आणि कोणीही तिला "तुम्ही बसा" म्हटलं नाही. आमच्याकडे आता सकाळ-संध्याकाळ तो जुना चहा आणि फक्त दुपारी हा नवा. कोणाचंच काही गेलं नाही.

त्या दुपारी आई कुठं होती म्हणाल, तर मागच्या अंगणात निंबाच्या झाडाखाली, लेकी-सुनांच्यात, झोक्यावर. मला आठवतंय तेव्हापासून आखाजीच्या दुपारी मी तिला झोक्यावर कधी पाहिलं नव्हतं. ती नेहमी आत असायची, चहा टाकत.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या सकाळचं आधण ठेवाल तेव्हा त्यातच अर्धा लिटर पाणी जास्त टाका. दुपारी घरातली जी बाई गॅसपुढं उभी राहते तिच्या हातात पहिला ग्लास द्या, आणि मग पाहुण्यांना.